उपोषण माहं, मोसंबी त्याची

राजकुमार: ते सगळं ठीक हाय. पण तू गिळला काऊन? तोंडात ओतला तं ओतला. थुकून द्यायचा.

विहंग: विद्यापीठाच्या साहेबांच्या हातचा रस? एवढ्या कॅमेऱ्यांसमोर थुंकू?

राजकुमार: मंग गालात धरून ठेवायचा. मी दोन मिन्टात आलोच होतो.

विहंग: तू आलास तेव्हा साहेबांची गाडी गेटाबाहेर पडली होती. गालात मोसंबीचा रस धरून माणसाला हसता येत नाही, राजकुमार. आणि ते फोटोवाले सारखे हसा, हसा म्हणत होते.

राजकुमार: म्हणजे हासला बी तू.

विहंग: थोडा.

राजकुमार: चार दिवसांपासून अन्नाचा कण नाही माह्या पोटात. आमरण उपोषणाले बसलो मी. बॅनरवर नाव माहं. अन् उपोषण सुटलं कोणाचं, तं ज्यानं आज सकाऊन कॅन्टीनमध्ये दोन प्लेट पोहे हाणले त्याचं.

विहंग: दुसरी अर्धीच होती.

राजकुमार: बरं झालं सांगितलं. जीव भांड्यात पडला माहा.

जयमाला: झालं का तुमचं? मी तिकडून येऊन राह्यली तं पार अभ्यासिकेपर्यंत आवाज ऐकू येते तुमचा. पोट्टे वाचून राह्यले तिथं.

राजकुमार: ये जयमाला, ये. कृती समितीची सचिव हायेस तू. तूच न्याय कर.

जयमाला: न्याय मंग. पहिले हे ऐक. अभ्यासिका आजपासून रातचे दहापर्यंत उघडी. ऑर्डर दारावर चिटकवली. आता भगवंतराव चौकीदार पाच वाजले का पोट्ट्यायले हाकलत नाही. पंखे बी चालू हायेत. आतमधी बसाले जागा नाही, दोन पोट्टे खिडकीत बसून वाचून राह्यले. जिंकलो आपण.

राजकुमार: हाव, ते झालं. पण रसाचं काय?

जयमाला: कोणत्या रसाचं?

राजकुमार: उपोषण सुटते कसं? मोठा माणूस येते, समोरच्या पार्टीचा, अन् जो उपाशी हाय त्याच्या तोंडाले गिलास लावते. तवा सुटते. हे खेड्यातल्या लहान लेकराले बी माहीत हाय. माह्या तोंडाले कोणी लावला? कोणीच नाही. म्हणजे माहं उपोषण चालू हाय.

विहंग: पण मागणी तर मान्य झाली.

राजकुमार: मागणीचा अन् माहा काही संबंध नाही राह्यला आता.

जयमाला: तू गेल्ता कोठी पण? साहेब चारले येणार हायेत, हे तुले मीच सांगितलं. अन् नेमका तवाच तू गायब.

राजकुमार: चारले येणार होते ना. त्याच्या आधीच टपकले. सरकारी माणूस टायमाच्या आधी येते, असं आपल्या जिल्ह्यात कधी झालं का? मी काय करू?

विहंग: मला म्हणाला, बाथरूमला जाऊन येतो. तू माझ्या जागेवर पड, माझी शाल अंगावर घे, मंडप रिकामा दिसायला नको. मी पडलो.

राजकुमार: पड म्हटलं होतं. पी नव्हतं म्हटलं.

जयमाला: बाथरूम तं इथंच हाय, मंडपाच्या मांगं. तू होस्टेलकडून पळत आला.

राजकुमार: होस्टेलातलं बाथरूम चांगलं हाय.

विहंग: आणि हा शर्ट? सकाळी तू निळा घातला होतास. हा कोणाचा आहे? ह्याच्यात आपण दोघं मावू.

राजकुमार: शर्टाचा विषय नाही चालू.

जयमाला: थांब थांब. हा तं मेसवाल्या शंकररावचा शर्ट हाय. पाह्य, खिशाले हळद लागेल हाय.

राजकुमार: लागली असन. हळदच हाय, रक्त नोहे.

जयमाला: राजकुमार. खरं सांग.

राजकुमार: काय सांगू? उपाशी मी, अन् माह्याकडं पाहून कोणाले काही वाटतच नाही. माहं आंगच तसं हाय. आमच्या घरचे सारेच असे. आमचा बाप टायफॉइडनं खाटेवर पडला होता, तं भेटाले आलेले लोक त्यालेच विचारत, पेशंट कोठी हाय.

विहंग: खरंच?

राजकुमार: हासू नको. तुहं काय जाते हासाले. तू जन्मताच उपोषणार्थी हाय. गाल पाह्य तुहे. डोये पाह्य. तू आइस्क्रीम खाऊन आला तरी लोकायले वाटते, याले सलाईन लावा.

विहंग: माझी प्रकृती तशी आहे, त्याला मी काय करणार?

राजकुमार: दुसऱ्या दिवशी पेपरवाला आला. मी मधात बसेल होतो, गळ्यात हार, मांगं माह्याच नावाचं बॅनर. तं मले म्हणते, दादा, जरा बाजूले सरका, उपोषणार्थ्याचा फोटो घेऊ द्या.

जयमाला: मंग?

राजकुमार: सरकलो. दादा म्हटलं ना त्यानं.

जयमाला: अरे बाप्पा.

राजकुमार: मंग डॉक्टर आला. सरकारी दवाखान्याचा, उपोषणवाल्याले तपासाले. आला तो सरळ याच्याकडं गेला. याचा बीपी घेतला पहिले.

विहंग: लो निघाला माझा.

राजकुमार: अन् माहा नॉर्मल. सांगा, याच्याहून मोठी बेइज्जती असते का उपाशी माणसाची? कॅन्टीनवाली तानाबाई, ती तं म्हणे, राजकुमार, तुले उपास मानवला रे.

विहंग: ते सोड, तुझी आई आली होती ना रविवारी...

राजकुमार: आईचं नाव काढू नको.

जयमाला: काय झालं आईचं?

विहंग: काही नाही. जानेफळहून आल्या, मंडपात शिरल्या, आणि माझ्याच डोक्यावर हात ठेवून रडायला लागल्या. लेकरू किती वाळलं म्हणून.

राजकुमार: अन् मले म्हणे, राजू, तू मोठा हाय, याच्याकडं ध्यान दे. मी म्हटलं, आई, उपाशी मी हाय. तं म्हणे, हाव, माहीत हाय मले, पण त्याच्याकडं ध्यान दे.

जयमाला: म्हणून शंकररावचा शर्ट?

राजकुमार: ढिला शर्ट घातला का माणूस वाळल्यावानी दिसते. म्हटलं साहेबासमोर, फोटोत, एकदा तरी दिसावं. एवढंच होतं. शंकरराव बाजारात गेल्ता. त्याच्या बायकोले समजावता समजावता उशीर झाला. तिले वाटलं, आंदोलनासाठी आता मी कपडे बी गोळा करून राह्यलो. ती तं एक जुनी चादर बी देत होती.

जयमाला: अन् तू रे विहंग? साहेबायनं विचारलं, राजकुमार तूच का. तू काय म्हटलं?

विहंग: मी काहीच नाही म्हटलं. मान हलली फक्त.

राजकुमार: कशी हलली? आडवी का उभी?

विहंग: मी झोपलेलो होतो, राजकुमार. झोपलेल्या माणसाची मान कशी हलली, ते बघणारा कुठं उभा आहे त्यावर असतं.

राजकुमार: पाह्य, पाह्य. वकिलावानी बोलते.

विहंग: बरं, खरं सांगू का? एवढी माणसं वाकून बघत होती माझ्याकडं. साहेबांनी गालाला हात लावला. म्हणाले, पोरा, एवढा जीव जाळायचा नसतो. तेवढ्यापुरतं मलाच वाटलं की आपण उपाशी आहोत. डोळ्यांत पाणी आलं.

राजकुमार: गालाले हात लावला?

विहंग: हो.

राजकुमार: कोणत्या?

विहंग: डाव्या.

राजकुमार: ऐकलं का जयमाला? डाव्या गालाले.

जयमाला: ऐकाले कायले पाहिजे, पाह्यलं मी. तिथंच होती मी, ट्रे धरून.

राजकुमार: तू तिथं होती?

जयमाला: हाव.

राजकुमार: गिलास याच्या तोंडाले लागला तवा?

जयमाला: हाव.

राजकुमार: अन् तू बोलली नाही, का साहेब, हा तो नोहे, तो दुसरा हाय?

जयमाला: नाही बोलली.

राजकुमार: काऊन?

जयमाला: ऑर्डर पीएच्या फाइलीत होती. अन् तो म्हणे, पहिले फोटो, मंग ऑर्डर. आता मी बोलली असती तं साहेबायनं विचारलं असतं, मंग राजकुमार कोठी हाय? काय सांगू, वाळल्यासारखं दिसाले गेला? मांगच्या महिन्यात आपण निवेदन घेऊन गेलो, तवा तुमच्यातला एक जण चप्पल शोधत राह्यला, तेवढ्यात साहेब गाडीत बसून निघून गेले. आठवते ना? मले ती ऑर्डर पाहिजे होती. म्हटलं, ज्याच्या तोंडात जायचं त्याच्या तोंडात जाऊ दे आता.

राजकुमार: म्हणजे अभ्यासिकेसाठी तू माहा बळी देला.

जयमाला: तू अभ्यासिकेसाठीच बसला होता, राजकुमार.

राजकुमार: हाव. पण तू एवढं मनावर घेशीन हे मले काय माहीत.

विहंग: तुम्ही दोघं भांडताय, पण जरा माझंही ऐका. बातमी आली मोबाईलवर. बघ. फोटो माझा. आणि खाली काय लिहिलंय? ‘विद्यार्थी नेते राजकुमार यांचे उपोषण अखेर मागे.’

राजकुमार: दाखव. नाव तं बरोबर हाय.

विहंग: नाव बरोबर आहे, तेच तर म्हणतोय मी. चेहरा माझा आणि नाव तुझं. मामांचा फोन आला, विचारतात, विहंग, तू नाव कधी बदललंस?

राजकुमार: म्हणजे तुले आता नाव बी पाहिजे?

विहंग: का नको? घोषणा मी दिल्या, घसा माझा बसला. आयुष्यात पहिल्यांदा पेपरात फोटो आला. आणि बाबा काय म्हणाले माहीत आहे? बरं झालं नाव नाही छापलं, पुढं नोकरीला अडचण यायला नको. त्यांच्या शाळेतल्या सगळ्या मास्तरांना फोटो दाखवतायत आणि सांगतायत, हा आमचा नाही, आमच्या विहंगसारखा दिसतो फक्त.

राजकुमार: तुहं दुःख वेगळंच हाय बाप्पा.

विहंग: वेगळं नाही, तुझ्यासारखंच आहे. तुला माझ्या गालांचा हेवा वाटतो. मला तुझ्या पोटाचा वाटतो. पहिल्या दिवशी मी ठरवलं होतं, तुझ्याबरोबर आपणही आमरण बसायचं. कोणाला बोललो नव्हतो. दुपारी कॅन्टीनमधून फोडणीचा वास आला आणि माझे पाय आपोआप तिकडं वळले. तू त्याच वासात बसून राहिलास.

राजकुमार: मले बी आलता तो वास.

विहंग: माहीत आहे.

राजकुमार: लसणाची होती फोडणी.

जयमाला: इकडं दे रे तो मोबाईल. मी कोठी हाय याच्यात?

विहंग: तू इथं आहेस. हा ट्रे बघ, तो धरलेला हात तुझा.

जयमाला: नुसता हात?

विहंग: बांगडीही आलीय की.

जयमाला: बांगडी माह्या रूममेट गार्गीची हाय. रूममधून घालून आली होती सकाऊन. म्हणजे दोन वर्षांत मी निवेदनं लिहिले, बस धरून धरून विद्यापीठाच्या मेन हापिसात चकरा मारल्या, अन् पेपरात आली ते गार्गीची बांगडी.

राजकुमार: निदान हात तं आला तुहा. मले तं पुऱ्या फोटोत शोधावं लागते अन् मी तिथं नाहीच.

जयमाला: तुहं नाव हाय.

राजकुमार: नावाले काय चाटू? अन् हो, तो हार कोठी हाय? साहेबायनं हार बी घातला असन याले. नावानं तं तो माहाच हाय. आन इकडं.

विहंग: हार मी तिथं खांबाला लटकवला होता.

राजकुमार: मंग? खांब तं रिकामा हाय.

विहंग: बकरीनं खाल्ला.

राजकुमार: कोणाच्या बकरीनं?

विहंग: मी नाव नाही विचारलं, यार. कॅम्पसमध्ये चरतात त्यातली एक. मी फोटोवाल्याला नाव सांगायला गेलो, तेवढ्यात झालं ते. झेंडूचे दोन गोंडे राहिलेत, हवे तर देतो.

राजकुमार: म्हणजे आज माह्या उपोषणात बकरीचं बी पोट भरलं. फक्त माहं राह्यलं.

(मंडपवाला येऊन गादीचं एक टोक ओढू लागतो. राजकुमार दुसऱ्या टोकावर मांडी ठोकून बसतो.)

राजकुमार: ओ भाऊ, ठेवा ते खाली. उपोषण चालू हाय.

जयमाला: काका, तुम्ही पहिले बांबू काढा. गादीचं पाहू मंग. काय म्हणता? मोताळ्याले बारसं हाय? आजच? हीच गादी पाहिजे तिथं? बरं, देतो, थांबा थोडं. राजकुमार, उठ. त्याच्या गादीवर लेकरू झोपायचं हाय.

राजकुमार: झोपू दे ना, मी बाजूले सरकतो. लाव फोन त्या पीएले. म्हण, साहेबाले परत आन.

जयमाला: लावते. चूप बसा दोघंही. हॅलो, नमस्कार सर, मी जयमाला, कृती समितीकडून. हाव सर, लागली ऑर्डर, धन्यवाद. सर, एक लहानशी अडचण हाय. साहेबायनं ज्याले रस पाजला ना, तो उपाशी नव्हता. नाही सर, फसवणूक नाही. उपाशी होता तो राहून गेला. हाव, अजून उपाशी हाय. नाही सर, तब्येत चांगली हाय त्याची. दिसाले तं एकदम चांगली हाय. बरं. बरं सर. हाव, सांगते त्याले. ठेवते.

राजकुमार: तब्येत चांगली हाय हे सांगाची काय गरज होती?

जयमाला: त्यायनं विचारलं.

राजकुमार: काय म्हणे मंग?

जयमाला: साहेब नांदुऱ्याले गेले, रेल्वे धराले. अन् म्हणे, आमच्याकडं राजकुमारचं उपोषण सुटलं, अशी नोंद झाली, फोटोसकट. एकदा सुटलेलं उपोषण परत सोडवता येत नाही. पाहिजे तं नवीन करा, पण आठ दिवस आधी कळवा.

राजकुमार: करतो मंग नवीन. तो बोर्ड घे. लिही.

जयमाला: मागणी काय लिहू?

राजकुमार: लिही, का माहं उपोषण सोडवण्यात यावं.

जयमाला: उपोषण सुटावं म्हणून उपोषण?

राजकुमार: आमरण.

विहंग: मला एक शंका आहे. आठ दिवस आधी कळवायचं, म्हणजे आठ दिवस थांबायचं. तेवढ्यात तू जेवणार की नाही? जेवलास, तर जुनं उपोषण मोडलं, मग सोडवायचं काय? आणि नाही जेवलास, तर नवीन कुठून सुरू झालं हे ओळखायचं कसं?

राजकुमार: जयमाला, याले घेऊन जाय इथून.

जयमाला: बरोबर विचारून राह्यला तो.

राजकुमार: बरोबरच तं विचारते तो नेहमी. पोट्ट्यायले बोलाव. घोषणा होऊ दे. आवाज गेला पाहिजे नांदुऱ्यापर्यंत.

जयमाला: कोणते पोट्टे? सारे अभ्यासिकेत हायेत.

राजकुमार: माहीत हाय मले. मघाशी गेल्तो मी दारात. म्हटलं, चला रे, लढाई संपली नाही. तं तो शिवम, आपल्याच समितीचा, कालपर्यंत माह्या पायाशी बसून ‘राजकुमार भाऊ आगे बढो’ करत होता, तो बोटानं चूप म्हणते मले. अन् भिंतीकडं दाखवते. शांतता राखा लिहिलं तिथं.

विहंग: मग तू काय केलंस?

राजकुमार: राखली.

जयमाला: हे पाह्य, तुले समोरच्या पार्टीचाच माणूस पाहिजे ना? भगवंतराव हाय की. चौकीदार असला तं काय झालं, हाय तं विद्यापीठाचाच. कुलूप बी तोच लावत होता इतके दिवस.

राजकुमार: विहंगले साहेब अन् मले चौकीदार?

जयमाला: तसा तोही तयार नाही. विचारलं मी येता येता. म्हणे, त्या राजकुमारापायी मले आता रातचे दहापर्यंत इथं बसा लागते, घरी बायको ओरडते. त्याले रस पाजाले नका बोलावू मले, दुसरंच काही पाजीन.

राजकुमार: झालं ना. सारे एक झाले. साहेब गेले, पोट्टे गेले, चौकीदार बी याच्याच बाजूनं.

विहंग: माझ्या बाजूनं कसा काय?

राजकुमार: तूच हाय साऱ्याच्या मुळाशी. तू नसता तं पेपरवाल्यानं मले सरकवलं नसतं. डॉक्टर माह्याकडं आला असता. माही आई माह्यासाठी रडली असती. जवा पाहावं तवा तू, गाल घेऊन माह्या बाजूले बसेल. ऐकून घे. आजपासून तू वेगळा, मी वेगळा. तू माही विरोधी पार्टी.

जयमाला: काय म्हटलं?

राजकुमार: विरोधी पार्टी. पक्की.

जयमाला: झालं तं मंग. समोरच्या पार्टीच्या हातानंच सुटते ना उपोषण? तूच सांगितलं. विहंग, उठ. हात धुऊन ये.

राजकुमार: असं नाही चालत.

जयमाला: काऊन नाही चालत? तुहा सारा राग याच्यावर हाय. साहेबावर तरी कोठी राग होता तुहा? साहेबाची तं तू वाट पाहून राह्यला होता. शर्ट मांगून आनला त्याच्यासाठी. खरं उपोषण तं तू याच्याच विरोधात करून राह्यला.

विहंग: पण मग मला काहीतरी मान्य करावं लागेल ना? मागण्याच नसतील तर सोडवायचं कसं?

राजकुमार: मागण्या नाहीत असं कोणी सांगितलं तुले? हायेत माह्या. पहिली. पुढच्या आंदोलनात माह्या बाजूले बसायचं नाही.

जयमाला: मंग घोषणा कोण देईन? तुहा आवाज तं पहिल्याच दिवशी फाटते.

राजकुमार: मांगं बसून दे म्हणा. मांगच्या रांगेत.

विहंग: मागं बसलो तरी दिसणारच की मी.

राजकुमार: माह्या मांगं बस. नाही दिसत.

विहंग: बरोबर आहे, तिथं नाही दिसणार. मान्य.

राजकुमार: दुसरी. हा फोटो डीपीले ठेवायचा नाही.

विहंग: हे कठीण आहे. आधीच नाव गेलं. डीपीही नको?

राजकुमार: नाही म्हणजे नाही.

विहंग: स्टेटस तरी? एक दिवसाचा प्रश्न आहे, आपोआप निघून जातं ते.

राजकुमार: ठेव. पण माह्या आईले दिसाले नको.

विहंग: त्यांनीच तर पाठवलाय मला आत्ता. खाली दोन हात जोडलेले आहेत.

राजकुमार: मले नाही पाठवला.

जयमाला: तिसरी सांग लवकर. मंडपवाले काका घड्याळ पाहून राह्यले.

राजकुमार: तिसरी. यानं वजन वाढवायचं.

विहंग: हे माझ्या हातात नाही, राजकुमार. मी खातो, खरंच खातो. लागतच नाही अंगाला.

राजकुमार: ऐकलं? खातो म्हणते, अन् लागत नाही म्हणते. माह्यासमोर. चार दिवस उपाशी माणसासमोर.

जयमाला: विहंग, नाही कायले म्हणते? साहेब लोक काय म्हणतात ते म्हण.

विहंग: सकारात्मक विचार करू.

राजकुमार: आता कसा बरोबर बोलला.

जयमाला: घे मंग गिलास. लिंबू-साखर हाय.

राजकुमार: लिंबू? याले मोसंबी अन् मले लिंबू?

जयमाला: मोसंबी संपली. साहेबाच्या ड्रायव्हरनं पिला, पेपरवाल्यायनं पिला, पीएनं तं दोनदा मागून घेतला.

राजकुमार: म्हणजे उपोषणाले बसेल माणूस सोडून साऱ्यायनं पिला.

जयमाला: मले बी नाही भेटला.

राजकुमार: तू कोठी उपाशी होती?

जयमाला: नाही. मी फक्त ट्रे धरेल होता. विहंग, लाव त्याच्या तोंडाले. हात हलू देऊ नको, गादीवर सांडलं तं काका बारशाले नेणार नाही.

विहंग: आपल्या सर्व मागण्या मान्य करण्यात आल्या आहेत. कृपया उपोषण सोडावं.

राजकुमार: वाकून म्हण.

विहंग: वाकलो. कृपया उपोषण सोडावं.

राजकुमार: कोणी फोटो नाही काढून राह्यलं?

जयमाला: माह्या मोबाईलची बॅटरी गेली. तू पी ना आता.

विहंग: हळू. एकदम नको, पोटात कळ येईल. घोट घोट घे. असं.

राजकुमार: विहंग.

विहंग: काय?

राजकुमार: तुहा कसा होता?

विहंग: काय कसा होता?

राजकुमार: रस. मोसंबीचा.

विहंग: तो ना? कडू होता.

जयमाला: कडू कसा बाप्पा? मी सोता काढला, सोता साखर टाकली त्याच्यात—

राजकुमार: तू मधात बोलू नको, जयमाला. त्याले सांगू दे. किती कडू होता, विहंग?